लोह हवेच, पण कुठे?

पाचाडला गेलेल्या बहुतेकांनी जिजाऊसाहेबांच्या वाड्याचे अवशेष पाहिलेले असतात. सुमारे ८२० मीटर उंचीचा रायगड राजधानी म्हणून सजलेला असताना मातोश्रींसाठी गडाच्या पायथ्याशी वेगळा वाडा कशासाठी, असा प्रश्न तेथे उभे राहिले की मनात येतो. परंपरा असे सांगते की, उतारवयात गडावरची थंड, वाऱ्याची हवा त्यांना मानवत नव्हती. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्यांनी याच पाचाडात देह ठेवला आणि त्यांची समाधीही येथेच आहे. गडावरच्या शिपायाला जी हवा मानवली, ती वृद्ध मातेला मानवली नाही. हवा तीच होती. स्थान आणि प्रकृती यांचा मेळ तेवढा निराळा होता.

आजचा आपला विषय लोह हा आहे. रक्तवाढीसाठी लोह आवश्यक, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु लोह शरीरात किती आहे, या प्रश्नाइतकाच ते शरीरात कोठे आहे, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, हे गेल्या काही वर्षांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. योग्य ठिकाणी असलेले लोह जीवन चालवते; तेच चरबीच्या पेशीत साचले, तर मधुमेहाची वाट मोकळी करू शकते.

विषय नीट कळावा म्हणून पाचाडसारख्या गावातील एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. घरात पंचावन्न वर्षांच्या सासूबाई, महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा मुलगा आणि पाच महिन्यांची गरोदर सून. सुनेला आरोग्य केंद्रातून लाल गोळ्या मिळाल्या आहेत. मुलगा अलीकडे कामावरून आला की दमलेला असतो. हातपाय बारीकच, पण पोट सुटलेले. आई मायेने म्हणते, "अरे, तूही घे की यातली एक गोळी, अंगात ताकद येईल." मुलगा महिनाभर गोळ्या घेतो. मग एक दिवस लोहामुळे मधुमेह होतो, असे काहीसे त्याच्या वाचनात येते. तो स्वतःच्या गोळ्या थांबवतो आणि काळजीपोटी बायकोलाही सांगतो, "तूही बंद कर." इकडे सासूबाईंचे हिमोग्लोबिन कमी, आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा त्यांचा अहवाल मधुमेहाच्या सीमारेषेवर. आता गोड बंद करायचे की लोह सुरू करायचे, हे त्यांना उमगत नाही.

एकाच छपराखाली लोहाचे हे तीन निराळे प्रश्न आहेत. तिन्ही निर्णय मायेपोटी घेतले जात आहेत, आणि चुकले तर तिन्ही महागात पडू शकतात.

शरीराचा काटकसरी संसार

प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण तीन ते चार ग्रॅम लोह असते. म्हणजे एखाद्या छोट्या खिळ्याएवढे. त्यातील सुमारे दोनतृतीयांश रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते. नवे रक्त तयार करण्यासाठी रोज वीस ते पंचवीस मिलिग्रॅम लोह लागते. परंतु आहारातून आपण जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅमच शोषून घेतो. उरलेले येते कोठून? तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. ती जीर्ण झाली की प्लीहा आणि यकृत यांतील भक्षक पेशी तिला गिळतात, तिच्यातील लोह बाजूला काढतात आणि पुन्हा वापरात आणतात. जुन्या घराची कौले आणि वासे उतरवून नव्या घराला वापरावेत, तसा हा व्यवहार चालतो.

या संसाराची एक विलक्षण अट आहे. जास्तीचे लोह मुद्दाम बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. मूत्रपिंडे मीठ किंवा पाणी टाकतात, तसे लोह टाकत नाहीत. मासिक पाळी, बाळंतपण, जखम किंवा झडणाऱ्या पेशी यांतून जाईल तेवढेच जाते. म्हणून सारे नियंत्रण लोह आत घेण्याच्या दारावर ठेवावे लागते.

हे दार सांभाळणारे संप्रेरक यकृतात तयार होते. त्याचे नाव हेप्सिडिन. पेशीतून लोह रक्तात सोडणारी जी एकमेव वाट आहे, तिला फेरोपोर्टिन म्हणतात. हेप्सिडिन वाढले की फेरोपोर्टिनची ही वाट बंद होते. आतड्यातील लोह आतड्यातच आणि साठ्यातील लोह साठ्यातच अडकते. शरीरात जंतुसंसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन वाढवते, कारण जंतूंनाही वाढीसाठी लोह लागते. शत्रूला रसद मिळू नये, म्हणून केलेली ही नाकेबंदी होय. हिरकणीची कथा आपणांस ठाऊक आहेच. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद झाले की आतल्या आईची निकड कितीही खरी असली, तरी दरवाजा उघडत नसे. हेप्सिडिनचा हुकूमही असाच असतो. संसर्ग अल्पकाळचा असेल, तर ही नाकेबंदी हिताची. पण शरीरात मंद दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला तर?

असा धुमसणारा दाह आज ज्या कारणाने सर्वाधिक दिसतो, ते कारण म्हणजे पोटाभोवती साचलेली चरबी.

चरबी ही नुसती साठवण नव्हे

चरबी म्हणजे जादा अन्नाचे कोठार, एवढीच पूर्वी समजूत होती. १९९० च्या दशकात ती बदलली. मेदपेशी स्वतः संप्रेरके निर्माण करतात आणि यकृत, स्नायू व मेंदू यांना संदेश पाठवतात, हे स्पष्ट झाले. त्यांपैकी एक संप्रेरक म्हणजे ॲडिपोनेक्टिन. ते यकृताला साखरेचे उत्पादन आवरायला सांगते आणि स्नायूंना चरबी जाळायला लावते. इन्सुलिनचे काम त्यामुळे सोपे होते. गंमत अशी की, ते चरबीतच तयार होत असले, तरी चरबी वाढली की त्याचे प्रमाण घटते. ते घटले की इन्सुलिन असूनही पेशी त्याला दाद देत नाहीत. यालाच आपण इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतो. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतत राहते, आणि ते थकले की मधुमेह प्रकट होतो.

येथे लोहाचा संबंध येतो. अमेरिकेतील युटा विद्यापीठात डोनाल्ड मॅकक्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी उंदरांना लोहयुक्त आहार दिला, तेव्हा ॲडिपोनेक्टिन घटले आणि इन्सुलिन-प्रतिरोध आला. पण हा परिणाम नेमका कोठल्या लोहाचा? यकृतातल्या, स्नायूंतल्या की चरबीतल्या? हे शोधण्यासाठी त्यांनी असे उंदीर तयार केले की, ज्यांच्या केवळ मेदपेशींतील फेरोपोर्टिन काढून टाकलेले होते. लोह बाहेर पडण्याची वाट फक्त चरबीत बंद झाली. तेथे लोह साचले. तरीही ॲडिपोनेक्टिन घटले आणि इन्सुलिनचा प्रभाव मंदावला. चरबीतले थोडेसे लोह साऱ्या शरीराच्या साखरेचा तोल ढळवू शकते, हे त्यातून दिसले. माणसांतही रक्तातील फेरिटिन, म्हणजे लोहसाठ्याचे प्रथिन, ज्यांच्यात जास्त होते, त्यांच्यात ॲडिपोनेक्टिन कमी आढळले.

मग चरबीत लोह साचते कसे? निरोगी चरबीतही भक्षक पेशी असतात, आणि त्यांपैकी काहींचे कामच लोह सांभाळण्याचे असते. मेदपेशीच्या शेजारी बसून त्या जादा लोह स्वतःकडे ठेवून घेतात. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील ॲलिसा हेस्टी यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की, लठ्ठ उंदरांत या पेशींची लोह सांभाळण्याची क्षमता खालावते आणि मेदपेशींत लोह वाढते. कोठीवाला आजारी पडला की धान्याची पोती ओसरीवर येऊन पडतात, तसे हे. मोकळे लोह मेदपेशीत गंजाचे काम करते. त्यातून निर्माण होणारे तिखट ऑक्सिजन-रेणू पेशीला इजा करतात. दाह आणखी वाढतो, हेप्सिडिन आणखी वाढते, आणि चक्र फिरत राहते.

या चक्राचा सर्वांत चमत्कारिक परिणाम असा की, एकाच माणसाच्या रक्तात लोहाची टंचाई आणि साठ्यात लोहाची अडगळ असू शकते. पोट सुटलेला माणूस दमतो, तेव्हा त्याच्या थकव्याचे उत्तर लोहाची गोळी असेलच, असे नाही. दार बंद असताना ओसरीवर आणखी पोती टाकून काय साधणार?

आपल्या बारीक अंगातील चरबी

"पण आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही," असे आपण म्हणाल. याचे उत्तर पुण्याने जगाला दिले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच पावती देत होता. आतला हिशेब दुपटीहून निराळा होता.

याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सर्वच मापांत लहान होती, परंतु त्वचेखालची चरबी त्या मानाने राखून होती. कमी पडले होते ते स्नायू. 'बारीक पण मेदयुक्त' अशी ही भारतीय ठेवण आहे. म्हणूनच आपल्याकडे वजनापेक्षा कंबरेचे माप अधिक खरे बोलते. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपल्यासाठी धोक्याची रेषा मानली जाते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयाच्या आढळल्या. हे दोन आकडे दोन वेगळ्या देशांचे नाहीत. ते एकाच गावाचे, पुष्कळदा एकाच घराचे आहेत. म्हणून लोहाविषयी सर्वांना लागू पडेल असा एक सल्ला देता येत नाही.

मग लोह काढून टाकावे काय?

रक्त काढून लोह कमी केले, तर मधुमेह टळेल काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. काही लहान अभ्यासांत साखरेचे नियंत्रण सुधारलेले दिसले. परंतु यकृतात चरबी साठलेल्या रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने रक्त काढूनही इन्सुलिन-प्रतिरोधात फरक पडला नाही. शिवाय मेदपेशीलाही आपल्या कामापुरते लोह लागतेच. ऊर्जा जाळणारी उपयुक्त चरबी लोहाशिवाय घडत नाही. तेव्हा हा उपाय घरच्या घरी करण्याचा नव्हे.

रक्तदान अवश्य करावे; पण ते दुसऱ्याच्या जीवासाठी, स्वतःच्या साखरेवर औषध म्हणून नव्हे. ३५० मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे दीडशे मिलिग्रॅम लोह जाते. निरोगी पुरुषाला ते भरून काढता येते. ज्या स्त्रीचे साठे आधीच रिते आहेत, तिने मात्र आधी ते भरावेत.

त्या घराला काय सांगावे?

प्रथम सुनेला. बाई, गोळ्या बंद करू नका. गरोदरपणात बाळाची वाढ, वार आणि वाढलेले रक्त यांसाठी आहारातून भागणार नाही एवढे लोह लागते. म्हणूनच शासनाच्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात गरोदर स्त्रीला १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड दिले जाते. आपले लोह बाळाच्या वाट्याला जाणारे आहे. नवऱ्याच्या वाचनातला धोका आपणांस लागू होत नाही. गोळीने मळमळ होत असेल किंवा पोट धरत असेल, तर वेळ बदलण्याविषयी आरोग्य सेविकेशी बोला. चहाबरोबर किंवा दुधाबरोबर मात्र ती घेऊ नका.

मग मुलाला. पुरुषाला पाळी नसते. त्याचे लोह सहसा कमी होत नाही. थकवा असेल, तर आधी तपासणी. रक्ताची साधी तपासणी, फेरिटिन, ट्रान्सफेरिन संपृक्तता, आणि शक्य तर दाह दाखवणारी सीआरपी चाचणी. फेरिटिन १५ च्या खाली असेल, तर साठे निश्चित रिते आहेत. परंतु दाह असेल, तर फेरिटिन फसवे उंच दिसते. म्हणून अशा वेळी ७० पर्यंतचा आकडाही टंचाईचा असू शकतो. उलट फेरिटिन वाढलेले दिसले म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. त्यामागे बहुधा यकृतातील चरबी, मद्यपान किंवा दाह असतो. ट्रान्सफेरिन संपृक्तता ४५ टक्क्यांच्या वर असेल, तर मात्र खऱ्या लोहाधिक्याचा शोध डॉक्टरांनी घ्यावा. आणि खरोखरच पुरुषात लोह कमी निघाले, तर गोळी सुरू करून स्वस्थ बसू नये. रक्त कोठून जाते आहे, मूळव्याध आहे, जठरात व्रण आहे की आतड्यात जंत, हे शोधावे.

या तरुणाचे खरे औषध त्याच्या गावातच आहे. १९९६ मध्ये रायगडाला रज्जुमार्ग झाला आणि वृद्धांची फार मोठी सोय झाली. पण तरुणाने आठवड्यातून दोनदा पायऱ्यांची वाट धरली, तर पोटाची चरबी घटेल, स्नायू वाढतील, दाह शमेल आणि बंद झालेली दारे हळूहळू किलकिली होतील. वर्षानुवर्षे चढायची सवय नसेल, तर पहिल्या दिवशी शेपन्नास पायऱ्या पुरेत. छातीत दुखणे किंवा धाप लागणे असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी सासूबाईंना. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात तांबड्या पेशी अधिक काळ रक्तात राहतात आणि तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा प्रत्यक्षाहून जास्त येऊ शकतो. तेव्हा या एका अहवालावरून स्वतःला मधुमेही ठरवू नये. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासावी, रक्तक्षयाचा उपचार घ्यावा आणि नंतर तो आकडा पुन्हा पाहावा. पाळी थांबल्यावर लोह कमी होत असेल, तर त्याचे कारण शोधणे त्यांच्या बाबतीतही टाळू नये.

ताटाविषयी थोडे

महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवर पिकणारी नाचणी आणि वरी, परसातला शेवगा, पावसाळ्यातला टाकळा, परड्यातले वाल आणि कुळीथ यांतील लोहाची भीती कोणीही बाळगू नये. वनस्पतीतील लोह आतडे गरजेपुरतेच घेते. साठे भरले असतील, तर दार आपोआप अरुंद होते. उलट ते पुरेसे शोषले जात नाही, हीच पुष्कळ घरांची अडचण. त्यासाठी नाचणी भिजवून मोड आणून वापरावी, जेवणात लिंबू, आवळा किंवा कैरीची फोड असावी आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. आमटी लोखंडी कढईत केली, तर थोडे लोह अन्नात उतरते. रक्तक्षय असलेल्या घरात ते उपयोगी आहे. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते, अशा थॅलेसेमियाच्या रुग्णांनी मात्र लोहाबाबत डॉक्टरांचाच सल्ला मानावा. त्यांच्या शरीरात साचणारे लोह स्वादुपिंडालाही इजा करते.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून नाडी आणि रक्तदाब यांची काळजीपूर्वक नोंद ठेवली आणि प्राझोसिन या औषधाने असंख्य जीव वाचवले. आधी मोजावे, मग औषध द्यावे, हा त्यामागचा नियम होता. आपल्या घरातही तोच पाळावा. या आठवड्यात एक साधी शिवणकामाची फीत घ्या आणि घरातील प्रत्येक मोठ्या माणसाची कंबर मोजून कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. गरोदर सुनेला त्यातून वगळा. लोहाच्या गोळ्यांच्या पाकिटावर ज्याच्यासाठी ती लिहून दिली आहेत, त्याचे नाव घाला. घरात भाकरी वाटून खावी. औषध मात्र ज्याचे त्यानेच घ्यावे.